होडीच्या फळ्यांचं कपाट

माझ्या सासूचं काचेचं कपाट नऊ वर्षं आमच्या बाल्कनीत कांदे-बटाटे सांभाळत उभं होतं, आणि त्या कपाटात मांडायची तिची पितळेची भांडी माझ्या जावेच्या घरी पोत्यात तोंड बांधून पडली होती. वाटणीच तशी झाली होती. कपाट मला, भांडी जयाला. एकमेकांसाठी घेतलेल्या वस्तू अशा वेगळ्या करायला मुद्दाम डोकं चालवावं लागतं, आणि तेवढं डोकं आम्हा दोघींनाही होतं.

आमचं घर डोंबिवली पश्चिमेला, खाडीच्या काठी. सासरे मिठागरावर काम करायचे, स्वतःच्या होडीतून मीठ वाहून न्यायचे. पुढे मिठागरं गेली, जमिनीला भाव आला आणि आम्ही आगरी माणसं एका पिढीत मालक झालो. घराच्या जागी बिल्डरने सात मजले उभे केले. त्यातल्या एका फ्लॅटमध्ये मी आणि माझे यजमान परशुराम राहतो. धाकटे दीर तोवर वारले होते. जया आपल्या मुलाला, दर्शनला, घेऊन ठाण्याला घोडबंदर रोडवर राहायला गेली.

जुनं घर रिकामं करायच्या दिवशी मी भांडी मागितली. पंचवीस वर्षं दर दिवाळीला ती मी चिंच लावून घासली होती. जया सामान बांधता बांधता म्हणाली, "भांडी घेऊन काय करणार, ताई? तुमच्या मागं घासायला कोण हाय?"

मला मूल नाही. दर्शन माझ्याच मांडीवर वाढला, मला मोठी आई म्हणतो, हे तिला माझ्याइतकंच ठाऊक होतं. वाक्य तोंडातून गेलं आणि तिचा चेहरा उतरला. मी दोन मिनिटं थांबले असते तर तिने माफी मागितली असती. मी थांबले नाही. कपाट उचलायला लावलं आणि निघाले.

दोन वर्षांनी दर्शनचं लग्न ठरलं. आमच्यात हळद लग्नापेक्षा मोठी, आणि मोठी काकी नसेल तर ती हळद कसली. दर्शन तीन वेळा बोलवायला आला. जयाने मानाची साडी पाठवली. मी ती घडीही न मोडता परत धाडली. जयाचं एक वाक्य होतं, घाईत निसटलेलं. साडी मी शांत डोक्याने परत केली होती. त्यानंतरची सात वर्षं आमच्यात शब्द नाही.

यंदा दिवाळी झाल्यावर दर्शन आला. लहानपणी बसायचा तसा स्वयंपाकघराच्या दारात जमिनीवर बसला. मी त्याच्यापुढे चकल्या ठेवल्या. त्याने हात लावला नाही तेव्हाच मी समजले.

"मोठी आई, आईला पोटाचा कॅन्सर आहे. लास्ट स्टेज. डॉक्टर बोलले चार-पाच महिने."

मी गॅस बंद केला. करायचं तेवढंच सुचलं.

"ती तुझं नाव घेते सारखं," तो म्हणाला. "गाडी खाली आहे. चल ना आत्ता."

मी गेले नाही. म्हटलं, येते, दोन दिवसांत येते. तो गेल्यावर बाल्कनीत जाऊन उभी राहिले आणि तिथे ते कपाट होतं. सागाचं, वर दोन काचेची दारं, खाली दोन लाकडी. आतल्या फळ्या वाळवीने खाल्लेल्या, रंग उडालेला, एका दाराची काच तडकलेली. सासूबाई म्हणायच्या, तुटलेल्या दारात रिकाम्या हाताने जाऊ नये. मी ठरवलं, हे कपाट नवं करायचं आणि जयाच्या दारात नेऊन उभं करायचं. तिची भांडी त्यात मांडायची. मग काही बोलायची गरज उरणार नाही, कपाटच बोलेल. मनात मी इतकी खूश झाले की त्या रात्री मला झोपसुद्धा चांगली लागली. आज त्याची लाज वाटते.

फळ्यांसाठी लाकूड घरातच होतं. सासऱ्यांची होडी घराबरोबर मोडीत निघाली तेव्हा परशुरामांनी तिच्या चांगल्या फळ्या काढून गच्चीवर पाण्याच्या टाकीखाली रचून ठेवल्या होत्या. माझं बोलणं ऐकून ते म्हणाले, "एवढं कशाला गो? पपई घे, नि जा. ती काय कपाटाची वाट बघत बसलीय?"

"तुम्हाला नाही कळायचं."

"नाय कळत," ते म्हणाले आणि पेपर वाचायला लागले. चाळीस वर्षांच्या संसारात या माणसाचं म्हणणं मी ऐकलं नाही की पुढे नेमकं तेच खरं निघतं. ते मात्र कधी बोलून दाखवत नाहीत, आणि त्याचाच मला जास्त राग येतो.

शहाडला उल्हास नदीच्या बाजूला गुणाजी मिस्त्रींची पत्र्याची शेड आहे. सुतारकाम आणि पॉलिश दोन्ही स्वतः करतात. परशुरामांची त्यांची जुनी ओळख. कपाट आणि फळ्या टेम्पोने तिथे नेल्या. गुणाजींनी कपाटाकडे बघितलंच नाही. एक फळी उचलली, रंधा घेऊन वरचा काळा पापुद्रा काढला आणि आतल्या लाकडाला जीभ लावली.

"खारट आहे, वहिनी. साठ वर्षं खाडी प्यायलंय हे. यावर आज पॉलिश मारलं तर महिन्याभरात पांढरं फुटेल."

"मग?"

"गोड्या पाण्यात बुडवून ठेवायचं. दर चार दिवसांनी पाणी बदलायचं. महिना धरा. मग सावलीत वाळवायचं, उन्हात नाही, चिरा जातील. तीन आठवडे. मग फळ्या बसवून पॉलिशचे हात." त्यांनी बोटांवर हिशेब केला. "जानेवारीचा मध्य उजाडेल. घाई असेल तर प्लायवूड टाकतो, आठ दिवसांत घेऊन जा."

डॉक्टरांनी चार-पाच महिने सांगितले होते. मी मनात वजाबाकी केली. वेळ होता.

"होडीच्याच फळ्या," मी म्हटलं. "आणि काम पक्कं पाहिजे."

फळ्या सिमेंटच्या टाकीत बुडवल्या, वर दगड ठेवले. दर आठवड्याला मी शहाडला जायचे. गुणाजी ओली फळी बाहेर काढून, एक ढलपी काढून मला द्यायचे आणि मी जिभेवर ठेवायचे. पहिल्या आठवड्यात चव मिठागराचीच. दुसऱ्या आठवड्यात अळणी भाजीला वरून मीठ घ्यावं तशी. इकडे मी लाकूड चाखत होते आणि तिकडे जयाला पेज पचेनाशी झाली होती. दर्शन फोनवर सांगायचा. मी रोज त्याला फोन करायचे, पण "आईला देतो" म्हणाला की घाईने म्हणायचे, "नको रे, झोपू दे तिला." सात वर्षांचं फोनवर काय बोलायचं?

तिसऱ्या आठवड्यात मला राहवलं नाही. कोणाला न सांगता निघाले, कल्याणहून एसटी धरली आणि ठाण्याला खोपटला उतरले. डेपोबाहेर पपई घेतली, परशुराम म्हणाले होते म्हणून. रिक्षावाल्याला घोडबंदर रोड सांगितलं. तो म्हणाला, "बसा." मी बसले नाही. दार शिवानी उघडेल, दर्शनची बायको. जिच्या हळदीला मी गेले नाही ती मुलगी. ती म्हणेल, "कोण पाहिजे?" कारण तिने मला कधी पाहिलेलंच नाही. मग मी काय सांगणार? हातात पपई घेऊन? रिक्षावाला दुसरं गिऱ्हाईक घेऊन गेला. मी परतीच्या एसटीत बसले आणि डोंबिवलीला येऊन ती पपई आम्ही दोघांनी खाल्ली. गोड होती. परशुरामांनी कुठून आणली विचारलं नाही.

खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. आजाराची नाही, तिच्या चेहऱ्याची. कपाट बरोबर असतं तर त्याच्या आड मला उभं राहता आलं असतं. हमालांना इकडे घ्या, तिकडे घ्या म्हणता आलं असतं. मोकळ्या हातांनी मी कशी उभी राहणार होते?

डिसेंबर सरत आला तेव्हा कपाटाचं दर्शनला मी सांगून टाकलं. त्याने जयाला सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला.

"आई बोलते, कपाट राहू दे. ताईला सांग, तू ये नुसती."

"तिला सांग, तिच्या भांड्यांना साजेसं घेऊनच येते."

"मोठी आई, ती सीरियसली बोलते. भांडी काढून ठेवलीत तिने. पण बोलली, आधी ताई."

"येते रे. लाकूड वाळत आलंय."

मला वाटलं, जया मोठेपणा दाखवतेय. आजारी माणूस मोठेपणा दाखवतं तेव्हा आपण लहान होऊन जायचं असतं, हे मला साठीतही कोणी शिकवायला हवं होतं.

जानेवारी लागला. फळ्या वाळल्या, त्यांना आता कसलीच चव उरली नव्हती. गुणाजींनी कपाटाचं जुनं पॉलिश खरवडून काढलं, पॉलिश पेपरने घासलं. वाळवी लागलेल्या फळ्या फेकून होडीच्या फळ्या मापात कापून बसवल्या, तडकलेली काच बदलली. होडीचे खिळे जिथे होते तिथे काळी भोकं होती, ती मी बुजवू दिली नाहीत. लाखेचं पॉलिश स्पिरिटमध्ये विरघळवून, कापसाच्या बोळ्याने, एक हात, मग वाळायला दीड दिवस, मग दुसरा हात. चौथ्या हाताला लाकडाचा रंग असा उमलून आला की मी पदर तोंडाला लावून उभी राहिले. सासरे त्या होडीत बसून मीठ न्यायचे, जया नवी नवरी होती तेव्हा आम्ही दोघी त्याच होडीत बसून पलीकडच्या जत्रेला गेलो होतो. ती घाबरून माझा दंड धरून बसली होती. ताई, बुडणार नाय ना, असं सारखं विचारत होती. मी तिला सांगितलं होतं, मी आहे ना.

बुधवारी गुणाजी म्हणाले, "झालं. उद्या टेम्पो सांगतो."

मी फळ्यांवरून तळहात फिरवून बघत होते. दुसऱ्या फळीच्या मागच्या कोपऱ्यात, रुपयाच्या नाण्याएवढा, पांढुरका डाग दिसला. बोटाने पुसला, गेला नाही.

"मीठ आहे थोडं," गुणाजी म्हणाले. "खाडीचं लाकूड आहे, वहिनी. एवढं राहणारच. वर हंडा ठेवला की दिसणार पण नाही."

"मला दिसेल."

"हे घालवायचं तर ती फळी काढून, खरवडून, परत भिजवून, वाळवून... आठ दिवस जातील."

मी कपाटाकडे बघितलं. सगळीकडे आरशासारखं आणि त्या कोपऱ्यात तो डाग. जया डोळ्यांची तीक्ष्ण. भांड्यावर बोट उमटलं तरी तिला दिसायचं, आणि मग दिवसभर काही न बोलता ती ते भांडं पुन्हा घासायची. ती हा डाग बघेल आणि काही म्हणणार नाही, पण मनात म्हणेल, ताईने इथेही कसर ठेवली.

"जाऊ देत आठ दिवस," मी म्हटलं.

मंगळवारी सकाळी दर्शनचा फोन आला. त्याचा आवाज वेगळा होता. "आईला आज ठीक नाही वाटत. तू आजच ये ना. मी घ्यायला येतो."

"शेवटचा हात ओला आहे रे. परवा टेम्पो घेऊनच येते."

 तो म्हणाला, "बरं." त्याच्या जागी मी असते तर फोन आपटला असता.

गुरुवारी टेम्पो शहाडहून निघाला. मी ड्रायव्हरच्या शेजारी. भिवंडीवरून, काशेळीचा पूल, कापूरबावडीला पाऊण तास खोळंबा. सगळ्या वाटेत मी एकच वाक्य घोळवत होते. जये, माझं चुकलं. साडी परत करायला नको होती. म्हणायला किती सोपं होतं. इतकी वर्षं हे वाक्य कुठे अडकलं होतं कोण जाणे.

चौदाव्या मजल्यावर शिवानीने दार उघडलं आणि कोण पाहिजे वगैरे काही विचारलं नाही. "मोठी आई," म्हणाली आणि पाया पडली. हॉलमध्ये भिंतीपाशी जमिनीवर वर्तमानपत्रं अंथरून भांडी ओळीने मांडली होती. हंडा, कळशी, परात, तांबे, पितळेचे डबे, उतरत्या मापाने. सगळी लख्ख. हमाल कपाट आत घेत होते. मी त्यांना काही न सांगता सरळ आतल्या खोलीत गेले.

पलंगावर जया होती, पण तिला ओळखायला मला वेळ लागला. चादरीखाली काही आहे असं वाटत नव्हतं. डोळे उघडे होते. तिने माझ्याकडे बघितलं.

मी तिच्याजवळ बसले आणि वाक्य म्हणून टाकलं. "जये, माझं चुकलं."

ती बघत राहिली. तिचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. मला वाटलं, थकली असेल. मी म्हटलं, "राहू दे, सावकाश सांग, मी आता इथेच आहे." तिने पुन्हा ओठ हलवले. पुन्हा काही नाही. मग दर्शनने माझ्या खांद्याला धरून मला बाहेर नेलं.

"ती बोलू शकत नाही, मोठी आई. मंगळवार संध्याकाळपासून. डॉक्टर बोलले, मेंदूत गेलंय. आता आवाज येणार नाही."

"मंगळवारी सकाळी?"

"सकाळी बोलत होती. अडखळत, पण बोलत होती. म्हणूनच तुला फोन केलेला."

 तो पुढे सांगत होता. मला ऐकायचं नव्हतं आणि मी एकही शब्द सोडला नाही.

"तिला तुला काहीतरी सांगायचं होतं. मी खूप विचारलं, मला सांग, मी सांगतो. बोलली, तुला नाय, ते ताईलाच सांगायचं. रोज दुपारी शिवानीकडून वेणी घालून घ्यायची, साडी बदलायची आणि उशीला टेकून बसायची. बेल वाजली की दाराकडे बघायची."

मी आत गेले आणि तिचा हात हातात घेतला. विचारलं, "त्या दिवसाचं सांगायचं होतं का? भांड्यांचं?" ती बघत राहिली. "साडीचं? दर्शनचं काही?" तिचे डोळे भरून आले, पण कशाने आले ते मला कळलं नाही. तिची बोटं माझ्या तळहातात हलली. मला धरत होती की दूर सारत होती, तेही कळलं नाही. लहान मुलाचं रडणं ओळखणारी मी, जिच्याबरोबर एका चुलीवर पंचवीस वर्षं रांधलं तिचं बोट मला ओळखता आलं नाही.

मी डोंबिवलीला परत गेले नाही. दुसऱ्या दिवशी दर्शनने तिला उचलून खुर्चीत बसवलं आणि हॉलमध्ये आणलं. शिवानीने कपाटात भांडी मांडली होती. खिडकीतून ऊन येत होतं, पितळ झळाळत होतं. दर्शन म्हणाला, "आई, बघ, आजोबांच्या होडीच्या फळ्या." जयाने कपाटाकडे बघितलं, घड्याळात किती वाजले बघावं तेवढंच. मग मान वळवली आणि माझ्याकडे बघायला लागली. थकून मान कलंडेपर्यंत माझ्याकडेच बघत होती. मी बोलत होते. जत्रेचं, होडीचं, सासूबाईंच्या शिव्यांचं, जे सुचेल ते बोलत होते. इतकं मी आयुष्यात कधी बोलले नसेन, आणि मधे मधे थांबून वाट बघत होते, सवयीने, ती काही म्हणेल म्हणून.

सोमवारी पहाटे ती गेली.

परशुराम आले, सगळं पार पडलं, तेरावंही झालं. त्यांनी मला एका शब्दाने काही म्हटलं नाही. एकदा फक्त डोक्यावरून हात फिरवला, आणि त्यांनी असं कधी केलेलं मला आठवत नाही.

आता दर्शनकडे येणारे-जाणारे त्या कपाटाची स्तुती करतात. तो सांगतो, मोठ्या आईने करून घेतलं, दोन महिने लागले. कुणी काचेचं दार उघडून फळीवर हात फिरवतं आणि म्हणतं, काय काम आहे, कुठे डाग नाही. खरंच नाही. एक होता, दुसऱ्या फळीच्या कोपऱ्यात. तो घालवायला मी आठ दिवस घेतले. त्यातले सहा दिवस जया बोलत होती.